टेबलावर दोन मॉनिटर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेब लिहिणारे, भाषांतर करणारे, पुस्तकांची पानं लावणारे, सेवा केंद्र चालवणारे, असे दिवसातले सात-आठ तास कॉम्प्युटरसमोर घालवणारे लोक दुसऱ्या मॉनिटरबद्दल साधारण हेच विचारतात. उत्तरं मुख्यतः विंडोज १० आणि ११ वापरणाऱ्यांसाठी आहेत. मॅकचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

दोन मॉनिटर घेतल्याने काम खरंच लवकर होतं का?

काम कोणतं, त्यावर आहे. दोन कागद शेजारी ठेवून ताडून पाहावे लागतात अशा कामात फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. जीएसटीचं घ्या. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या आपल्या खरेदीचा तक्ता, येतो आणि तो खरेदीच्या नोंदींशी जुळवायचा असतो. स्क्रीन एकच असेल तर २बी मधला बिल नंबर वाचायचा, तो तोंडातल्या तोंडात घोकत ऑल्ट-टॅब दाबायचं, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शोधायचा, रक्कम पाहायची, पुन्हा मागे यायचं. या ये-जा करण्यात जाणारे सेकंद फार नसतात. घोळ होतो तो डोक्यात धरलेल्या आकड्याचा. ५४८ चा ५८४ होतो आणि न जुळणाऱ्या रकमेपायी अर्धी संध्याकाळ जाते. दोन्ही याद्या डोळ्यांसमोर असल्या की आकडा लक्षात ठेवावाच लागत नाही. दुसऱ्या मॉनिटरची कमाई मुख्यतः ही आहे. वेग तिच्या मागून येतो.

भाषांतरकाराचं, मुद्रितशोधकाचं, परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहून गुण भरणाऱ्याचंही तेच. एकीकडे मूळ, दुसरीकडे आपलं काम.

‘उत्पादकता इतके टक्के वाढते’ असे आकडे जाहिरातींत दिसतात, त्यांच्यावर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचा २००८ सालचा अभ्यास यासाठी नेहमी पुढे केला जातो. त्याला पैसा एनईसी या मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीचाच होता. तरी त्यातलं एक निरीक्षण गमतीचं आहे. १८ इंचांवरून २४ इंचांवर गेल्यावर लोकांची कामं झपाट्याने उरकली, पण २६ इंचांवर ती पुन्हा मंदावली. जितकं मोठं तितकं चांगलं असं नसतं, हे मॉनिटरवाल्यांच्याच खर्चाने बाहेर आलं.

माझं काम एका वेळी एकाच सॉफ्टवेअरमध्ये चालतं. मग घेऊ का?

नको. लेख लिहिणं, एकच मोठी शीट भरणं, अशा कामांत दुसरी स्क्रीन रिकामी राहते आणि रिकामी राहिली की तिच्यावर व्हॉट्सअॅप येऊन बसतं. आधी फुकटचा उपाय करून पाहा. विंडोज + कंट्रोल + डी दाबलं की नवा डेस्कटॉप तयार होतो आणि विंडोज + कंट्रोल + डावा किंवा उजवा बाण दाबून दोन डेस्कटॉपांत ये-जा करता येते. एकावर ऑफिसचं, दुसऱ्यावर इतर. एवढ्याने भागलं तर पैसे वाचले.

दोन मॉनिटर चांगले की एकच खूप रुंद?

३४ इंची रुंद मॉनिटर दिसायला देखणा असतो आणि मध्ये पट्टी येत नाही. लांबलचक एक्सेल शीट किंवा व्हिडिओची टाइमलाइन असेल तर तो सोयीचाच. पण त्याची उंची साधारण २७ इंची मॉनिटरएवढीच असते, हे दुकानात लक्षात येत नाही. मीटिंगमध्ये अख्खी स्क्रीन शेअर केली तर समोरच्याच्या लॅपटॉपवर ती लांबट पट्टी होते आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात. दोन वेगळे मॉनिटर असतील तर एक शेअर करून दुसऱ्यावर आपल्या टिपणी ठेवता येतात, एक बिघडला तर दुसऱ्यावर काम चालू राहतं, आणि घरातला जुना मॉनिटरही वापरात येतो. कार्यालयीन कामासाठी माझं मत दोनच्या बाजूने आहे.

आकार आणि रिझोल्यूशन किती असावं?

इथे मराठीत काम करणाऱ्याने इंग्रजी परीक्षणांवर जाऊ नये. रोमन अक्षराला वर-खाली फारसं काही चिकटत नाही. देवनागरीत शिरोरेघेच्या वर रफार, अनुस्वार, वेलांटी, खाली उकार, पोटात अर्धी अक्षरं. हे सगळं स्पष्ट दिसायला स्क्रीनवरचे ठिपके (पिक्सेल) दाट लागतात. २७ इंची मॉनिटरचं रिझोल्यूशन १९२० × १०८० असेल, म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतील, तर इंचाला जेमतेम ८२ ठिपके पडतात. त्यावर छोट्या टायपातला ‘र्कं’ वाचताना रफार कुठला आणि अनुस्वार कुठला हे डोळे बारीक करून पाहावं लागतं. तेच रिझोल्यूशन २४ इंचांत घेतलं तर इंचाला सुमारे ९२ ठिपके मिळतात आणि काम चालून जातं. २७ इंचच हवा असेल तर २५६० × १४४० चा घ्या, तिथे सुमारे १०९ ठिपके असतात. मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्यांना ४के (३८४० × २१६०) परवडत असेल तर २७ इंची ४के मध्ये इंचाला १६३ ठिपके आहेत. अक्षर छापल्यासारखं दिसतं, मात्र स्केल, म्हणजे अक्षरं किती मोठी दाखवायची ते सेटिंग, १५० टक्क्यांवर ठेवावं लागतं.

दोन्ही मॉनिटर एकाच आकाराचे आणि एकाच रिझोल्यूशनचे असतील तर पुढची निम्मी डोकेदुखी उद्भवतच नाही. मिळाला तर १९२० × १२०० चा पाहा. १२० ओळी ठिपक्यांच्या जास्त, म्हणजे वर्डमध्ये चार-पाच ओळी मजकूर जास्त. पॅनेल आयपीएस प्रकारचं असावं, कडेने पाहिलं तरी त्याचे रंग फारसे बदलत नाहीत. हर्ट्‌झच्या, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा रंगवली जाते त्या आकड्याच्या, शर्यतीत कार्यालयीन कामाला काही मिळत नाही.

माझ्या कॉम्प्युटरला दुसरा मॉनिटर जोडता येईल का? पाहायचं कुठे?

डब्याच्या पाठीमागे. गेल्या बऱ्याच वर्षांतल्या डेस्कटॉपना मदरबोर्डवरच व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट यांपैकी दोन तरी पोर्ट असतात आणि एकावर एक, दुसऱ्यावर दुसरा असे दोन मॉनिटर सहसा विनातक्रार चालतात. दोन्ही पोर्ट एकाच प्रकारचे असायला हवेत असं काही नाही. एक व्हीजीएवर आणि एक एचडीएमआयवर, हा आपल्याकडच्या कार्यालयांतला नेहमीचा जोडा आहे.

दोन अडचणी येतात. पहिली, डब्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मदरबोर्डवरचे पोर्ट बहुधा बंद पडतात. अशा वेळी दोन्ही केबली कार्डाच्या पोर्टांत लावा. ते डब्याच्या खालच्या भागात, आडव्या पट्टीत असतात. दुसरी अडचण प्रोसेसरची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ येतो त्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डवर एचडीएमआयचं तोंड दिसत असलं तरी त्यातून चित्र येत नाही. सुटे भाग जुळवून बनवून घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये हे सर्रास आढळतं.

सगळं पोर्टावरच भागत असेल तर यूएसबीतून मॉनिटर जोडणारे अडॅप्टर घेऊ नका. ते बहुधा डिस्प्लेलिंक नावाच्या ड्रायव्हरवर चालतात, थोडा भार प्रोसेसरवर टाकतात. दुसरा मार्गच नसेल तेव्हा मात्र एक्सेल-वर्डसाठी ते पुरेसे आहेत.

केबल नवीन आणली, तरी मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो.

या प्रश्नामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट असते.

सगळ्यात जास्त वेळा आढळते ती केबलची दिशा. एका टोकाला डिस्प्लेपोर्ट आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी केबल दिसायला दोन्ही बाजूंनी चालेल अशी वाटते, पण ती एकाच दिशेने चालते : कॉम्प्युटरकडे डिस्प्लेपोर्ट, मॉनिटरकडे एचडीएमआय. उलट जोडली तर काहीच दिसत नाही. कॉम्प्युटरला एचडीएमआय आणि मॉनिटरला फक्त डिस्प्लेपोर्ट असेल तर स्वतःची वीज घेणारा वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि तो महाग असतो. एचडीएमआयवरून व्हीजीएचंही तसंच. एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, व्हीजीएला अॅनालॉग लागतो, त्यामुळे मध्ये चिप असलेला छोटा कन्व्हर्टर हवा. नुसती तार जोडून बनवलेली स्वस्त केबल चालणार नाही. एचडीएमआयवरून डीव्हीआय मात्र साध्या केबलने होतं.

दुसरं, मॉनिटरच्या बटणाने इनपुट निवडलेलं नसतं. केबल एचडीएमआयला आणि मॉनिटर व्हीजीएवर वाट पाहतोय. तिसरं म्हणजे खोबणीत केबल पूर्ण बसलेली नसते, आणि हे तपासायला सगळ्यांना कमीपणा वाटतो.

४के मॉनिटरवर माऊस अडखळत सरकत असेल तर केबल किंवा पोर्ट जुन्या एचडीएमआय १.४ चा आहे. त्यावर ४के सेकंदाला ३० वेळाच रंगवलं जातं. एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ६० मिळतात.

लॅपटॉपला जोडायचा असेल तर?

एचडीएमआय असेल तर प्रश्न नाही. यूएसबी-सीवरून जोडायचा असेल तर आधी खात्री करा, कारण प्रत्येक यूएसबी-सी पोर्टातून चित्र बाहेर येत नाही. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा थंडरबोल्टची विजेसारखी खूण आहे का पाहा. खूण नसेल तर मॉडेलची माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर वाचा. दुकानदाराच्या ‘चालेल हो’ वर जाऊ नका.

मॅकबुक एअर घेणाऱ्यांनी चिप पाहावी. एम१ आणि एम२ च्या एअरला मुळात बाहेरचा एकच मॉनिटर जोडता येतो. एम३ ला दोन जोडता येतात, पण झाकण मिटल्यावर. एम४ ला झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. एका मॉनिटरमधून दुसऱ्याकडे डिस्प्लेपोर्टची साखळी नेण्याची विंडोजमधली सोय मॅकवर नाही. तिथे दोन्ही मॉनिटरांवर एकच चित्र येतं.

लॅपटॉप तसाच टेबलावर आणि मॉनिटर शेजारी उंच, अशी मांडणी मानेला वाईट. लॅपटॉप स्टँडवर किंवा जाड पुस्तकांवर चढवा आणि कीबोर्ड-माऊस वेगळे लावा. झाकण मिटून वापरायचा असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ निवडा, आणि पंख्याची हवा अडत नाही हे पाहा.

दोन्हीकडे एकच चित्र दिसतं. माऊस भलत्याच बाजूने बाहेर पडतो.

विंडोज + पी दाबा आणि ‘एक्स्टेंड’ निवडा. त्यानंतर डेस्कटॉपवर उजवं क्लिक करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जा. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की प्रत्येक मॉनिटरवर त्याचा आकडा उमटतो. टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसे चौकोन ओढून ठेवा. वरच्या कडाही जुळवा, नाहीतर माऊस एका स्क्रीनवरून दुसरीवर जाताना कोपऱ्यात अडकतो. यातलाच एक निवडून ‘मेक धिस माय मेन डिस्प्ले’ वर खूण करा. हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे आणि कित्येक कार्यालयांत ते वर्षानुवर्षं केलेलं नसतं. माणसं उजव्या मॉनिटरवर जाण्यासाठी माऊस डावीकडे नेतात आणि त्यालाच सरावतात.

‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, हा पर्यायही टाकाऊ नाही. सेवा केंद्रात किंवा प्रवेशाच्या खिडकीवर दुसरा मॉनिटर ग्राहकाकडे तोंड करून ठेवतात. अर्ज भरताना आपल्या नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ समोरचा माणूस स्वतः वाचून ‘बरोबर’ म्हणतो. एकदा चुकीच्या नावाने दाखला निघाला तर दुरुस्तीसाठी घालाव्या लागणाऱ्या खेपा पाहता हा मॉनिटर स्वतःचे पैसे फार लवकर फेडतो.

टेबलावर मांडायचे कसे?

दोन मॉनिटर मधोमध जोडून ठेवायचे आणि आपण सांध्यासमोर बसायचं, ही सर्वांत जास्त दिसणारी मांडणी आहे, आणि बहुतेकांसाठी ती चुकीची आहे. अशा वेळी मान कायम एका बाजूला वळलेली राहते, कारण प्रत्यक्षात दिवसभराचं बरंचसं काम एकाच स्क्रीनवर होत असतं. तो मुख्य मॉनिटर नाकासमोर ठेवा आणि दुसरा त्याच्या बाजूला, आपल्याकडे थोडा वळवून. दोन्ही अगदी सारखेच वापरले जात असतील तरच सांधा मध्ये घ्या.

स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असणाऱ्यांनी आणखी खाली घ्यावी, नाहीतर चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसावं लागतं आणि संध्याकाळी मानेचं दुखणं कशाने आलं ते कळत नाही. अंतर हात सरळ केल्यावर बोटं टेकतील एवढं. दोन फूट खोलीच्या टेबलावर मॉनिटरच्या पायानेच बरीच जागा खाल्ली की स्क्रीन फार जवळ येते. तिथे टेबलाच्या कडेला क्लॅम्पने बसणारा आर्म (मॉनिटर धरणारा दांडा) घ्यावा आणि स्क्रीन मागे ढकलावी. आर्म घेण्याआधी मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची भोकं आहेत का पाहा. ती १०० × १०० किंवा ७५ × ७५ मिलिमीटरवर असतात. स्वस्त मॉडेलना ती कधीकधी नसतात. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावू नये, आणि पार्टिकल बोर्ड असेल तर क्लॅम्पखाली धातूची पट्टी द्यावी.

रुंदी मोजून घ्या. २४ इंची मॉनिटर सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे चार फुटी टेबलावर दोन बसतात. २७ इंची दोन ठेवले तर कडेला चहाचा कप ठेवायला जागा उरत नाही. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असू द्या.

एक मॉनिटर उभा करून उपयोग होतो का?

वाचायचं काम असेल तर हो. न्यायालयाचे निकाल, शासन निर्णय, पुस्तकाची पीडीएफ, प्रोग्रामचा कोड हे सगळं उभ्या कागदाच्या मापाचं असतं. पूर्ण पान एका नजरेत येतं. डिस्प्ले ओरिएंटेशनमध्ये ‘पोर्ट्रेट’ निवडा. जुनं टीएन प्रकारचं पॅनेल मात्र उभं करू नका, वरून किंवा खालून पाहिल्यावर त्याचे रंग उडतात आणि उभं केल्यावर त्या वरच्या-खालच्या बाजू नेमक्या आपल्या डाव्या-उजव्या हाताला येतात.

कोणत्या स्क्रीनवर काय ठेवायचं?

इथेच बहुतेक लोक घसरतात. मॉनिटर घेतला, जोडला, आणि मग जे उघडेल ते जिथे पडेल तिथे. तसं केलं तर विंडो शोधण्यात पूर्वीइतकाच वेळ जातो, फक्त आता मान वळवून.

एक पद्धत ठरवा : ज्यात आपण टाइप करतो ते समोर, जे फक्त पाहतो ते बाजूला. समोर टॅली, बाजूला बँकेचं स्टेटमेंट. समोर वर्ड, बाजूला मूळ पीडीएफ आणि शब्दकोशाचं पान. समोर पानांची मांडणी, बाजूला लेखकाने दुरुस्त्या करून पाठवलेली प्रत. बाजूच्या स्क्रीनवरही दोन गोष्टी हव्या असतील तर विंडोज + डावा बाण, विंडोज + उजवा बाण यांनी ती निम्मी-निम्मी वाटता येते. विंडोज ११ मध्ये विंडोज + झेड दाबलं की तीन-चार भागांचे साचेही दिसतात. याहून बारीक वाटणी हवी असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच फुकट मिळणाऱ्या पॉवरटॉइजमध्ये फॅन्सीझोन्स आहे.

एकाच एक्सेल फाइलच्या दोन शीट दोन मॉनिटरांवर हव्यात? व्ह्यूमध्ये जाऊन ‘न्यू विंडो’ दाबा आणि ती विंडो दुसरीकडे ओढा. फाइल एकच राहते, एकीकडचा बदल दुसरीकडे दिसतो. दोन वेगळ्या एक्सेल फाइली दोन स्क्रीनवर जात नसतील तर बहुधा तुमच्याकडे एक्सेल २०१० किंवा त्याहून जुनं आहे. प्रत्येक फाइलला स्वतंत्र विंडो देणं २०१३ पासून सुरू झालं.

मेल आणि व्हॉट्सअॅप बाजूच्या स्क्रीनवर कायम उघडे ठेवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं की लक्ष जातंच. ज्या स्क्रीनसाठी पैसे मोजले ती लक्ष खायला लागली तर मग एकच बरी होती.

पाहतो एका विंडोत आणि टाइप दुसऱ्याच विंडोत होतं. मराठी-इंग्रजीचाही गोंधळ होतो.

दोन स्क्रीन आल्या की हे होणारच, कारण डोळे जिथे असतात तिथे कीबोर्ड असेलच असं नाही. तीन सेटिंग करून ठेवा.

पहिलं, माऊसच्या सेटिंगमध्ये ‘स्क्रोल इनअॅक्टिव्ह विंडोज’ चालू असू द्या. मग बाजूच्या पीडीएफवर माऊस नुसता नेऊन चाक फिरवलं की ती सरकते, क्लिक करावं लागत नाही, आणि टायपिंगचा कर्सर समोरच्या वर्डमध्येच राहतो. भाषांतर करणाऱ्याला दोन मॉनिटरचा खरा आनंद या एका सेटिंगने मिळतो.

दुसरं, पर्सनलायझेशनमधल्या कलर्समध्ये जाऊन चालू विंडोच्या मथळ्याला रंग द्या. कुठली विंडो जागी आहे ते लांबून कळतं.

तिसरं मराठी टाइप करणाऱ्यांसाठी. अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक विंडोला वेगळी भाषा ठेवण्याचा पर्याय आहे. त्यावर खूण केली की वर्डमध्ये मराठी आणि एक्सेलमध्ये इंग्रजी असं विंडोज लक्षात ठेवतं. नाहीतर दर वेळी विंडोज + स्पेस दाबा, आणि विसरलात की पॅन नंबरच्या रकान्यात मराठी अक्षरं उमटतात.

माऊसचा बाणच हरवत असेल तर कंट्रोल दाबल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ उमटण्याचं सेटिंग माऊसच्या जुन्या पॉइंटर ऑप्शन्समध्ये आहे.

एका स्क्रीनवर अक्षरं मोठी, दुसरीवर लहान. रंगही वेगळे.

डिस्प्ले सेटिंग्जमध्ये प्रत्येक मॉनिटर वेगळा निवडून त्याचं ‘स्केल’ बदला. एकच फाइल दोन्हीकडे अर्धी-अर्धी ठेवून अक्षरांचा आकार डोळ्यांनी जुळवा. डीटीपीची जुनी सॉफ्टवेअर वेगळ्या स्केलच्या स्क्रीनवर धूसर दिसतात. त्यांच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत डीपीआयचा पर्याय बदलून पाहा.

रंगांसाठी दोन्हीकडे कोरं पांढरं पान उघडा आणि मॉनिटरच्या बटणांनी आधी ब्राइटनेस, मग रंगछटा जुळवा. वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर तंतोतंत जुळणार नाहीत. छपाईसाठी रंग पाहायचे असतील तर ते एकाच, ठरलेल्या मॉनिटरवर पाहा.

जुना मॉनिटर, टीव्ही किंवा टॅब चालेल का?

जुना मॉनिटर उत्तम. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले १९ इंची चौकोनी, १२८० × १०२४ चे मॉनिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत मिळतात आणि बाजूला पीडीएफ ठेवायला ते छान आहेत. घेताना पूर्ण पांढरी आणि पूर्ण काळी स्क्रीन लावून मेलेले ठिपके, डाग, कडेला गळणारा उजेड पाहा, आणि मागे कोणते पोर्ट आहेत ते मोजा. स्वस्तात मॉनिटर आणि वरून तेवढ्याच किमतीचा कन्व्हर्टर असं व्हायला नको.

टीव्ही नको. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीवर १३६६ × ७६८ एवढेच ठिपके असतात, म्हणजे चांगल्या लॅपटॉपहून कमी, आणि तेही मोठ्या अंगावर पसरलेले. वापरायचाच असेल तर टीव्हीच्या मेनूत पीसी मोड निवडा.

आयपॅड असेल तर मॅकला साइडकार या अॅपलच्याच सोयीने जोडता येतो. विंडोज आणि अँड्रॉइड टॅबसाठी स्पेसडेस्क नावाचं अॅप आहे. प्रवासात ठीक, रोजच्या कामाला हळू.

विजेचं बिल किती वाढेल? यूपीएसवर दोन्ही लावू का?

२४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॅट घेतो. रोज आठ तास, महिन्याचे २५ दिवस धरले तर ४ युनिट. दोन्ही मॉनिटर यूपीएसच्या बॅटरीवाल्या सॉकेटवरच लावा, नाहीतर वीज गेल्यावर कॉम्प्युटर चालू आणि न जतन केलेली फाइल अंधारात, अशी अवस्था होते. यूपीएसचे काही सॉकेट फक्त विजेच्या चढउतारापासून वाचवतात, बॅटरीवर चालत नाहीत. सॉकेटजवळ लिहिलेलं वाचा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीच लावू नका.

ऑनलाइन मीटिंगमध्ये काय सांभाळायचं?

अख्खी स्क्रीन शेअर करण्यापेक्षा एकच विंडो शेअर करा. स्क्रीनच करायची असेल तर कोणती ते ठरवून ठेवा आणि तिच्यावर मेल नको. झूममध्ये दोन मॉनिटरचा पर्याय चालू केला की एकीकडे माणसं, दुसरीकडे सादरीकरण दिसतं. पॉवरपॉइंटमध्ये ऑल्ट + एफ५ दाबलं की तुमच्या स्क्रीनवर टिपणी आणि पुढची स्लाइड येते, समोरच्यांना फक्त चालू स्लाइड. कॅमेरा ज्या मॉनिटरवर आहे त्याच्याकडे पाहून बोला. नाहीतर पूर्ण वेळ तुमचा एकच कान दिसतो.

तिसरा मॉनिटर घेऊ का?

शेअर बाजारात दिवसभर सौदे करणाऱ्याला, व्हिडिओ संकलन करणाऱ्याला कदाचित. बाकीच्यांना एकावरून दोनवर जाताना जेवढा फरक पडतो तेवढा दोनवरून तीनवर जाताना पडत नाही. ते पैसे चांगल्या खुर्चीत घाला.

मॉनिटर काढल्यावर एखादी विंडो दिसेनाशी झाली. टास्कबारवर आहे, पण उघडत नाही.

ती काढलेल्या मॉनिटरच्या जागी उघडी आहे. टास्कबारवर तिच्यावर क्लिक करा आणि विंडोज + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबा. ती उडी मारून समोर येते. तसं झालं नाही तर ऑल्ट + स्पेस, मग एम, मग कोणताही एक बाण दाबा आणि माऊस हलवा. विंडो माऊसला चिकटून येईल, क्लिक करून सोडा. विंडो पूर्ण पसरलेली असेल तर एम चालत नाही, त्याआधी ऑल्ट + स्पेस आणि आर दाबा. रोज लॅपटॉप काढून घरी नेणाऱ्यांनी विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंग्जच्या ‘मल्टिपल डिस्प्लेज’ खाली विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याचा पर्याय चालू करावा. सकाळी मॉनिटर जोडला की सगळं आपापल्या जागी परत जातं.